पिंपळासमोर बसवलेलं कार्ड

आमच्या घरात एखाद्यानं दिवसभर राबूनही हाती काही लागलं नाही, तर "भाऊजींची शूटिंग झाली" असं म्हणतात. कुकर लावला आणि गॅस पेटवायचाच राहिला, की झाली भाऊजींची शूटिंग. बसस्टँडवर तासभर थांबलो आणि बस मागच्या रस्त्यानं निघून गेली, तरी तेच. ते भाऊजी म्हणजे मी, हे सांगायला नकोच. म्हण माझ्या डोळ्यांदेखत जन्मली आणि माझ्या बायकोनंच ती माहेरपर्यंत पोचवली.

झालं असं, की माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. दादा आणि वहिनी दोघं मिळून आंधळगावला फोटो स्टुडिओ चालवतात. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या सुमारास त्यांनी तो टाकला. तेव्हा कॅसेटचा कॅमेरा होता, खांद्यावर ठेवला की माणूस पाणी भरायला निघाल्यासारखा दिसायचा. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्या दोघांनी टिपली. पण स्वतःच्याच पोराच्या लग्नात आईबापांनी कॅमेरा धरायचा तरी कसा? दादा म्हणाला, वरठीच्या एका ओळखीच्याला सांगू. मी तिथेच उभा होतो. नवा कॅमेरा घेऊन दोनच महिने झाले होते.

"घरचा माणूस असताना बाहेरचा कायले?" मी म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही फोटो काढा ना. व्हिडिओ त्यांनाच करू द्या."

"वहिनी, फोर के आहे. सगळ्यात भारी क्वालिटीवर करतो. केसन् केस दिसन."

केसन् केस दिसला असता, यात शंका नाही. मी सगळ्यात जड सेटिंग लावलं, त्रिशरण-पंचशीलापासून डोळा कॅमेऱ्याला चिकटवला, आणि नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले, पाहुण्यांनी फुलं टाकली, वहिनी डोळे पुसत होत्या, ते सगळं मी श्वास रोखून टिपत राहिलो. चाळीस मिनिटं हात हलू दिला नाही. दादाचे मित्र म्हणाले, "भाऊ तुझा पक्का हाये बे, पुतळ्यासारखा उभा हाये." जेवणाच्या वेळी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसली. मेमरी कार्डाचा वेग अपुरा, रेकॉर्डिंग थांबवलं आहे. कधी थांबलं होतं? पंचशीलाच्या दुसऱ्या ओळीला.

वहिनींनी त्या दिवशीही मला नेहमीसारखंच ताट वाढून दिलं, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. वरठीच्या त्या ओळखीच्यानं काढलेले फोटो होते म्हणून बरं. पण हार घालताना आपल्या मुलाला हसू कसं आलं होतं, ते चालतं-बोलतं त्यांना कधीच दिसणार नव्हतं. इतरांच्या हजार पोरांचं त्यांनी जपून ठेवलेलं, स्वतःच्याचं नाही.

चार दिवसांनी त्यांनी कार्ड मागितलं. उलटसुलट करून पाहिलं.

"हे काहून घेतलं होतं?"

"आकडा पाहा ना वहिनी. एकशे सत्तर! दुकानात यापेक्षा मोठा आकडाच नव्हता."

"हा आकडा कार्डातून बाहेर काढायच्या वेगाचा हाये, भाऊजी. आत भरायचा वेग वेगळा असते. तो यांनी लिहिलाच नाही. अन् तो बी एका झटक्याचा नाही लागत, सारखा टिकला पाहिजे."

मी मान हलवली. माझी मान कशालाही हलते, हे वहिनींना ठाऊक आहे. मग दादानं मध्ये तोंड घातलं. दादाला शंकरपटाचा भारी शौक, कुठे बैलांच्या शर्यती असल्या की स्टुडिओला कुलूप.

"अबे, पटाचा बैल अन् चिखलनीचा बैल सारखा असते का? पटाचा बैल इथून त्या झेंड्यापर्यंत वाऱ्यासारखा जाते. त्याले दिवसभर चिखलात जुंपून पाहा. बसून जाते. तू पटाचा बैल आणून चिखलात जुंपला."

हे मात्र समजलं. आणि समजल्यावर अधिकच लाज वाटली, कारण मी वरठीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये आहे. साधा नट घेतानाही गेज लावल्याशिवाय पावतीवर सही करत नाही. पुरवठादार मला मागं 'गेजबाबा' म्हणतात. त्या गेजबाबानं पाकिटावरचा आकडा पाहिला आणि भाळला.

वहिनींनी ते कार्ड पकडीत धरलं आणि मोडून टाकलं. मी म्हणालो, "अहो, फोटोले तरी चाललं असतं." त्या म्हणाल्या, "एकदा अडलं ते कार्ड पुन्हा कामाले नेत नाही मी. ते काही माणूस नाही का माफी मागन अन् सुधरन."

माणसाला सुधारायची मुभा आहे, एवढा दिलासा मी त्यातून घेतला.

वहिनींची कार्डं हा खरं तर पाहण्याजोगा संसार आहे. शिलाई मशीनच्या बॉबिन ठेवायचा प्लास्टिकचा डबा असतो ना, खणाखणांचा, त्यात प्रत्येक खणात एक कार्ड. प्रत्येकावर नेलपॉलिशचे ठिपके. एक ठिपका म्हणजे पहिल्या वर्षाचं, दोन म्हणजे दुसऱ्या. तीन ठिपके झालेलं कार्ड लग्नाला जात नाही, बारशाला जातं. भरलेलं कार्ड डब्यात तोंड खाली करून, रिकामं तोंड वर करून. मी एकदा मोठ्या हुशारीनं माझी कार्डं तांदळाच्या बरणीत ठेवली होती, ओल लागू नये म्हणून. वहिनींनी बरणी पाहिली, कार्डाच्या पितळी दातांवरचा कोंडा फुंकून काढला, आणि म्हणाल्या, "यांना भूक लागत नाही, भाऊजी."

दादा लग्नात मिरवतो, नवरीच्या काकाला "थोडं उजवीकडे जी" म्हणतो, आणि सगळ्यांना वाटतं स्टुडिओ दादाचा. पण लग्नाहून आल्यावर चपला काढायच्या आधी कार्डं डब्यात जातात, दोन ठिकाणी उतरवली जातात, आणि वहिनी प्रत्येकाचं डोकं, पोट आणि शेपूट उघडून पाहतात, सुरुवात, मध्य, शेवट. मगच ते कार्ड पुसायचं, तेही कॅमेऱ्यात घालून, कॉम्प्युटरवर नाही. इतक्या वर्षांत त्या दोघांकडून एकाही घरचं लग्न हरवलं नाही. हरवलं ते फक्त त्यांचं स्वतःचं, आणि ते माझ्या हातून.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मायच्या गळ्यात गाठ निघाली.

माय म्हणजे आमची आई. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी आहे, पण वाढते आहे, काढावी लागेल. आवाजाच्या नसेच्या अगदी जवळ आहे. बोलता येईल, पण आवाज हाच राहील असं सांगता येत नाही. दादानं घाईनं तारीख विचारली. माय म्हणाली, "रोवनी होऊ द्या, मंग कापा."

डॉक्टरांना वाटलं म्हातारीला शेताची काळजी. शेताची नव्हती, गाण्याची होती.

आमच्याकडे धानाची रोवणी करताना बाया गातात. चिखलात ओणवं होऊन पऱ्ह्याच्या, म्हणजे कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या सोडायच्या, मागं मागं सरकत रोप लावायचं आणि गायचं. बहुतेक गाणी सगळ्यांना येतात. पण मायकडे एक लांब गाणं आहे, ते एकाच बांधीत, म्हणजे धानाच्या एकाच चौकोनात, सुरू होऊन संपतं. पहिल्या कोपऱ्यात नवरी सासरी निघते, मधल्या चिखलात तिला पोरं होतात, कोणी जातं, कोणी येतं, आणि शेवटच्या धुऱ्यापाशी, म्हणजे कडेच्या बांधाशी, ती म्हातारी होऊन कंबर सरळ करते. पाऊण तासाचं गाणं. मायला ते तिच्या सासूनं दिलेलं, त्या सासूला तिच्या सासूनं. विहारात वंदना म्हणताना मायचा आवाज सगळ्यांच्या वर असतो, पण या गाण्यात तो खाली, मातीजवळ उतरतो.

नियमानं ते गाणं वहिनींकडे यायचं होतं. पण वहिनी शहापूरच्या, हायवेवरच्या. पहिल्या वर्षी मायनं त्यांना बांधीत उभं केलं आणि दोन ओळी म्हणायला लावल्या. बाकीच्या बाया चिखलात बसायच्याच बाकी होत्या, इतकं हसल्या. "माझा गळा म्हंजे फुटलेला पिपा," वहिनी स्वतःच सांगतात. मायनं आणखी दोन वर्षं प्रयत्न केला आणि सोडून दिलं. त्यावरून दोघींत कधी वाजलं नाही, पण रोवणी आली की वहिनी स्टुडिओत जरा जास्तच काम काढायच्या.

गाठीचं कळलं त्या संध्याकाळी वहिनी मायच्या पायाशी बसल्या. "माय, मले गळ्यात नाही घेता आलं तुमचं गानं. आता मी ते कार्डात घेते. पूर्ण. एकदम, मधात न तोडता. मंग रोज पाहीन, शिकीन."

"त्या बोटाएवढ्या चिपीत पाऊन तास मावन?"

"मावन. बरोबर चिप घेतली तर."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कॅमेरा माझाच घ्यायचा ठरलं, कारण त्यात दोन कार्डं एकाच वेळी बसतात आणि दोन्हींवर तेच चित्र उतरतं. दादाच्या कॅमेऱ्यात एकच बसतं. मी म्हणालो, हलक्या सेटिंगवर करू, कार्डावर ताणच नको. वहिनींनी मला त्यांच्या मागच्या वर्षीच्या एका शूटिंगचा तुकडा दाखवला. पावसात, पाण्याजवळ घेतलेला. थेंब, लाटा, हलणारी रोपं, आणि या सगळ्यात बाईचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन.

"वाहत्या पाण्यात हलकं सेटिंग हार मानते, भाऊजी. मले मायचे ओठ पाहिजे. श्वास कुठं घेते ते पाहिजे. आवाज बी याच कार्डात जाईन, तिच्या गळ्याशी माईक लावून. तुमचं जडवालं सेटिंगच लागन."

म्हणजे माझं लग्नातलं सेटिंग चुकलं नव्हतं. मी हे घरी दोन-तीनदा सांगितलं. बायको म्हणाली, "सेटिंग बरोबर होतं, फक्त शूटिंग नव्हती."

भंडाऱ्याला कार्ड आणायला वहिनी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून आल्या. पर्समध्ये कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक, जे मी प्लास्टिकमधून काढलंही नव्हतं. वाटेत त्यांनी मला विचारलं, "जड सेटिंगवर कॅमेरा किती ओततो?"

"दोनशे."

"अन् कार्ड किती घेईन?"

"दोनशेवालं घेऊ की!"

"कॅमेऱ्याचे दोनशे बिटमध्ये असते. कार्डावरचा आकडा बाइटमध्ये. आठनं भागायचं."

मी वरठीच्या फाटकापर्यंत भागाकार करत होतो. पंचवीस. सेकंदाला पंचवीस, न थकता, पाऊण तास. आकडा ऐकायला किती गरीब वाटतो.

दुकानदारानं आम्हाला काचेखालचं सगळ्यात चमकदार पाकीट काढून दिलं. "मॅडम, तीनशे स्पीडचं. नवीन माल हाये."

"तीनशे काढायची. भरायची किती जी?"

"भरायची म्हंजे..."

"व्ही लिहिलेलं असते पाहा, त्याच्यापुढं आकडा."

त्यानं पाकीट फिरवलं. व्हीच्या पुढं तीस होतं. तीस म्हणजे तीसच्या खाली जाणार नाही अशी कबुली, हे मी आता पाठ करून बसलो होतो, म्हणून लगेच म्हणालो, "चालते! पंचवीसच लागतात!"

"कबुलीच्या काठावर काम करत नाही मी," वहिनी म्हणाल्या. "साठवालं दाखवा. अन् हे पुस्तक पाहा, कॅमेऱ्याच्या कंपनीनं कोणती कार्डं चालवून पाहिली ते मागं दिलं हाये. त्यातलं असन तर द्या."

दुकानदारानं आतून एक सुटं कार्ड आणलं. पाकीट नाही, काही नाही. "तेच हाये मॅडम, फक्त खोकं फाटलं."

वहिनींनी ते नखानं पलटलं. छपाईतल्या एका अक्षराची शेपटी जरा लांब होती. मला दहा वेळा दाखवूनही दिसली नसती. "भाऊ, हे तुम्ही तुमच्या घरच्या लग्नाले वापरा," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. दुकानदार हसला, मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि वहिनींना चहा सांगितला. मला नाही सांगितला. परत निघताना त्यांच्याकडे पुस्तकातल्या नावाची, सीलबंद तीन कार्डं होती. मोठी, तासाहून जास्त मावेल अशी.

"पाऊण तासाचं गाणं, पन्नास मिनिटांचं कार्ड बस झालं असतं," मी म्हणालो.

"काठोकाठ भरत नाही मी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चला, झालं. इथेच माझी आणि वहिनींची वाट फुटते. माझ्या लेखी कार्ड आणलं म्हणजे काम झालं. त्यांच्या लेखी तिथून सुरू झालं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी कॅमेरा तिपाईवर लावून विहारासमोरच्या पिंपळाकडे तोंड करून ठेवला. एक नवं कार्ड घातलं, जड सेटिंग लावलं आणि बटन दाबून शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

"झाडाची शूटिंग?" मी विचारलं.

"भिंतीसमोर कोणतंही कार्ड शहानं असते. भिंत हलत नाही, भरायले काही नसते. पिंपळाचं पान वारा नसला तरी हलते. हजार पानं हजार बाजूले. इथं जे टिकलं, ते बांधीत टिकन."

आणि मग काय, त्या बसल्याच. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं नाही, कार्ड गळ्यापर्यंत भरेपर्यंत. येणारे-जाणारे थांबू लागले. एक आजोबा सावलीत टेकले. "सिनेमा होऊन राहिला का? हिरो कोन हाये?"

"पिंपळ," वहिनी म्हणाल्या.

"अन् हिरोइन?"

"यायची हाये. रोवनीले."

पहिलं कार्ड भरलं. वहिनींनी ते उतरवून सुरुवात-मध्य-शेवट पाहिलं. पुसलं. आणि पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा! दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड. तिसऱ्या दिवशी तिसरं, आणि ते पहिल्या फेरीत छान चाललं, दुसऱ्या फेरीत छप्पन्नाव्या मिनिटाला कॅमेऱ्यानं तीच बारीक अक्षरं दाखवली. तेच दुकान, तेच पाकीट, तेच नाव. मी असतो तर अर्ध्या तासानं "मस्त आहे" म्हणून उठलो असतो. पहिल्या दोन्हींवर वहिनींनी लाल ठिपका लावला आणि तिसरं परत पाठवलं.

अब्रूचा प्रश्न म्हणून मीही माझ्याजवळचं एक कार्ड आणलं. हे वेगळं होतं, चांगलं होतं, ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं. वहिनींनी नको म्हटलं नाही. घातलं. अठरा मिनिटं. मी म्हणालो, आज वारा जास्त आहे.

माय रोज तिथे येऊन बसत होती. वाकून पदर सावरत तिन्ही दिवस तिनं ते पाहिलं. माझं कार्ड अडलं, तेव्हा ती वहिनींकडे वळली.

"म्हंजे तू बीज पाहून राहिली, पोरी."

पेरणीआधी माय बियाणं असंच पाहते. पोत्यातून मूठभर काढायचं, मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर तरंगलं ते पोचट, काढून फेकायचं. उरलेल्यातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायचे, आणि किती फुटतात ते पाहायचं. पोतं कोणत्या दुकानचं, वर काय छापलंय, हे ती विचारतच नाही. तिला वाचताही येत नाही, म्हणून ती कधी फसली नाही. मला वाचता येतं.

"होय माय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडूनच तर पाहिलं."

घरी जाताना मायनं वहिनींच्या हातातली तिपाई स्वतःच्या हातात घेतली, आणि घरापर्यंत दिली नाही.

रोवणीच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस थांबून थांबून. बारा-तेरा बाया, प्लास्टिकच्या खोळी पांघरून. धुऱ्यावर तिपाई, तिच्यावर दादा छत्री धरून उभा. त्याला दुसरं काही काम दिलं नव्हतं आणि ते त्यानं फार मनापासून केलं. मायच्या गळ्याशी, गाठीच्या बाजूला, वहिनींनी माईक लावला. बटन दाबायचा मान मला. वहिनींनी सांगितलं, "फक्त दाबायचं, मंग हात मागं."

मायनं पहिली पेंढी सोडली आणि सुरुवात केली.

ते गाणं मी लहानपणापासून ऐकत आलो, पण नेहमी तुकड्यांत, डबा पोचवायला गेल्यावर नाहीतर खेळता खेळता. अख्खं कधीच ऐकलं नव्हतं. मागं सरकणाऱ्या बाया, पाण्यावर उमटणारे थेंब, मायचा ओणवा चेहरा, आणि तो आवाज. मधे एकदा ती खोकली आणि थांबली. बाया थांबल्या. मग तिनं तीच ओळ पुन्हा, जरा खालच्या पट्टीत घेतली. वहिनींची नजर मायवर नव्हती. ती पडद्याच्या कोपऱ्यात, दोन्ही कार्डांच्या पुढं सरकणाऱ्या आकड्यांवर होती. मला तेव्हा ते जरा कोरडं वाटलं. इतकं सुंदर चाललंय आणि ही बाई आकडे पाहते! आता वाटतं, त्या दिवशी त्या बांधीत ऐकायची चैन आम्हा सगळ्यांना होती, ती त्यांनी स्वतःला दिली नाही.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला गाण्यातली बाई धुऱ्यापाशी पोचली. माय कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. बायांनी "हो माय!" केलं. संपलं. माझे डोळे भरून आले होते, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य, मी बटनाकडे हात नेला.

वहिनींनी माझं मनगट धरलं.

"झालं ना वहिनी."

"मानसं वावरातच हाये अजून," त्या हळूच म्हणाल्या. "चालू राहू द्या. जागा हाये."

लग्नात पण त्यांचा हाच नियम. मांडव रिकामा झाल्याशिवाय बंद करायचं नाही.

बाया हात धुवायला पाटाकडे वळल्या होत्या. माय मात्र चिखलातच उभी होती. तिच्या हातात एक शेवटची पेंढी उरली होती. ती सोडून माय धुऱ्याकडे तोंड करून पुन्हा ओणवी झाली आणि गाऊ लागली. बाया वळल्या. हे कडवं कोणालाच माहीत नव्हतं. सूर तोच, शब्द नवे.

"गळा नाही सुनेपाशी, नजर तिची लई भारी,
पोचट दाना टाकला बाई, माझं गानं तिच्या पदरी."

आणि मग पुढं, सून झाडासमोर बसून राहिली, ऊन डोक्यावर आलं तरी उठली नाही, असं बरंच काही. सहा-सात मिनिटं. गाणं देताना देणारीनं शेवटी घेणारीसाठी एक कडवं स्वतःचं जोडायचं, ही रीत होती, आणि ती रीत फक्त देणारीलाच ठाऊक असते. मायच्या सासूनं तिच्यासाठी याच बांधीत जोडलं होतं, हे तिनं आम्हाला नंतर सांगितलं. तेवढी वर्षं तिनं वहिनींचं कडवं जोडलं नव्हतं, कारण घ्यायला कोणी नव्हतं.

दादाची छत्री तिरकी झाली आणि माझ्या मानेवर पाणी पडायला लागलं. मी हललो नाही. वहिनींनीही वर पाहिलं नाही. त्यांचे डोळे आकड्यांवरच होते, पण आकडे त्यांना दिसत असतील असं वाटत नाही, कारण त्यांनी माझं मनगट सोडलंच नव्हतं, आणि पकड घट्ट होत चालली होती.

माय धुऱ्यावर आली, पदरानं तोंड पुसलं आणि माईक काढून वहिनींच्या हातात दिला. "घे. मावलं का?"

"मावलं, माय," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांनी स्वतः बटन दाबलं. घरी जाऊन आधी चपला नाही काढल्या, कार्डं काढली. दोन्हींचं डोकं, पोट, शेपूट पाहिलं. शेपटाला आल्यावर मात्र त्या बराच वेळ तिथेच थांबल्या.

मी तेव्हा हिशेब केला, पन्नास मिनिटांचं कार्ड घातलं असतं तर काय झालं असतं, आणि तो कोणाला सांगितला नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

ऑपरेशन नीट झालं. मायला दोन आठवडे बोलायची मनाई होती. दुपारी पुढच्या खोलीत टीव्हीवर ते गाणं लागायचं, वहिनी शेजारी बसून पुटपुटायच्या आणि माय खाटेच्या पाटीवर बोट आपटून ताल द्यायची. चुकलं की दोनदा आपटायची. खाटेला बरंच सोसावं लागलं. मग आवाज आला, पण घोगरा, जाड, वरच्या पट्टीत न जाणारा. पहिलं वाक्य तिनं माझ्याकडे बोट दाखवून वहिनींना म्हटलं, "याले बटनापाशी नको जाऊ देजो."

पुढच्या रोवणीला वहिनींनी स्टुडिओ बंद ठेवला आणि साडी खोचून बांधीत उतरल्या. बाया हसल्या. गळा अजूनही पिपाच, पण एकही ओळ चुकत नव्हती, आणि श्वास बरोबर मायच्याच जागी. हळूहळू हसणं थांबलं आणि बाया मागं म्हणू लागल्या. माय धुऱ्यावर बसून घोगऱ्या आवाजात ओरडत होती, "खालून घे, पोरी, खालून!" मी तिपाईमागं उभा, दादा छत्रीखाली.

तिसऱ्या की चौथ्या कडव्याला वहिनी मधेच थांबल्या. ओणव्याच होत्या, हातात रोप. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, कार्ड कोणतं टाकलं?"

"ठिपक्याचं, वहिनी."

"पिंपळासमोर बसवलं होतं?"

"दोनदा," मी म्हणालो. "पूर्ण भरेपर्यंत."

त्यांनी रोप चिखलात खोचलं आणि पुढची ओळ उचलली.